पंप कुठे आहे ते दाखव: हायड्रोस्टॅटिक आणि हायड्रोडायनॅमिक बेअरिंग

भाच्याचं एम. जी. रोडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मागच्या रविवारी तो एक मेलेली हार्ड डिस्क उघडून घरी घेऊन आला. वरच्या चकचकीत चकत्या काढलेल्या, मधली मोटर तेवढी शिल्लक. म्हणाला, "मामा, हिच्यात बॉल बेअरिंग नाही. शाफ्ट तेलावर तरंगतो. तुमच्या ग्राइंडरच्या स्पिंडलसारखंच ना, हायड्रोस्टॅटिक?"

मी नाशिकच्या अंबडला एका गाळ्यात ग्राइंडिंग मशिनांचा मेंटेनन्स बघतो. त्याच्या प्रश्नाला हसलो नाही, कारण हाच घोळ आमच्याकडे नव्याने लागलेली डिप्लोमाची मुलंही घालतात. बेअरिंग म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, शाफ्टला, आधार देणारा भाग. हायड्रोस्टॅटिक आणि हायड्रोडायनॅमिक, नावं जुळ्या भावांसारखी. दोन्हींत धातूला धातू लागत नाही, मध्ये तेलाचा काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असतो. बाजारात तर दोघांनाही सरसकट 'हायड्रो बेअरिंग' म्हणून मोकळे होतात.

मी त्याला एवढंच म्हटलं, "ह्यात पंप कुठे आहे ते दाखव."

आमच्या ग्राइंडरला तो शोधावा लागत नाही. मशिनच्या मागे टाकी, तिच्यावर मोटर-पंप, फिल्टर, दाबाचं गेज, आणि तिथून स्पिंडलकडे (घासणारं चाक ज्यावर बसतं तो शाफ्ट) गेलेल्या नळ्या. बेअरिंगच्या आतल्या बाजूला शाफ्टभोवती खोलगट खिसे कोरलेले असतात. पंप चाळीस बार दाबाने तेल त्या खिशांत ढकलतो आणि शाफ्ट जागच्या जागी उचलला जातो. स्पिंडल फिरत नसला तरी. पंप चालू करून स्पिंडल हाताने फिरवून बघा, लोण्यात बोट फिरवल्यासारखा फिरतो. पंप बंद करा, लगेच जड. 'स्टॅटिक' हा शब्द त्यासाठीच आहे: थांबलेल्या शाफ्टलाही तेलाचा आधार. मॉलमधल्या गेम झोनमध्ये एअर हॉकीचं टेबल पाहिलं असेल. चकती कुणी ढकलली नाही तरी खालच्या भोकांतून येणाऱ्या हवेवर तरंगत राहते. तेच हे, फक्त तेलाचं.

इथे एक बारकी गोष्ट आहे, ती बरेच जण विसरतात. प्रत्येक खिशाच्या आधी तेलाच्या वाटेत एक अडथळा लागतो, बहुतेक वेळा केसासारखी बारीक नळी. त्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. चाकाचा जोर येऊन शाफ्ट एका बाजूला सरकला की तिथली फट कमी होते, तेल बाहेर पडायला जागा उरत नाही, नळीतून वाहणारं तेल घटतं, म्हणून नळीत खर्ची पडणारा दाबही घटतो आणि तो खिशात शिल्लक राहतो. समोरच्या खिशात बरोबर उलटं. शाफ्ट आपोआप मध्यावर परत येतो. रिस्ट्रिक्टर काढून टाकला तर सगळ्या खिशांत पंपाचा सारखाच दाब राहील आणि शाफ्टला मध्यावर ढकलणारं कुणीच उरणार नाही. आमच्याकडे एकाने 'नळी चोक झालीय' म्हणून ती मोठ्या भोकाची टाकली होती. मशिन चालू झालं, पण जॉबची, म्हणजे घासायला लावलेल्या तुकड्याची, गोलाई हातची गेली.

आता हार्ड डिस्क. टाकी नाही, नळी नाही, पंप नाही. सगळं मिळून तेल एखाद-दुसरा थेंब. मग दाब येतो कुठून?

ह्याचं उत्तर सापडलं ते थोडं अपघातानेच, १८८३ साली, इंग्लंडमध्ये. बोशँप टॉवर नावाचे इंजिनियर रेल्वेच्या धुरीच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, बेअरिंगवर प्रयोग करत होते. धुरीचा खालचा भाग तेलात बुडालेला, वरून पितळेचं अर्धगोल बेअरिंग तिच्यावर टेकलेलं. त्यांनी बेअरिंगला माथ्यावर भोक पाडलं, तिथून तेल सोडता यावं म्हणून. मशिन चालू केलं तर भोकातून तेल आत जायच्या ऐवजी वर यायला लागलं. त्यांनी बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी तिथे दाबाचं गेज लावलं, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे. बेअरिंगवर टाकलेला भार मात्र सरासरीने १०० पौंडच होता. कुणीही पंप लावलेला नव्हता. फिरणारी धुरीच तेलाला चिकटवून ओढत होती आणि अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबत होती. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी ह्याचं गणित मांडलं. आजही असं बेअरिंग डिझाइन करायचं तर सुरुवात रेनॉल्ड्सच्याच समीकरणापासून होते.

हा अनुभव गाडी चालवणाऱ्यांना आहेच. जुलैत आडगावकडून द्वारकेकडे येताना हायवेवर पाणी साचलेलं असतं. हळू गेलात तर टायर पाणी बाजूला सारून रस्ता धरतो. ऐंशीने गेलात तर पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि गाडी तरंगते. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. रस्त्यावर जो घात, बेअरिंगमध्ये तोच फायदा. वेग आहे तोवर थर आहे.

म्हणजे दोन्हींत शाफ्टला दाबच उचलतो. एकात, हायड्रोस्टॅटिकमध्ये, तो बाहेरचा पंप देतो; दुसऱ्यात, हायड्रोडायनॅमिकमध्ये, शाफ्ट स्वतः कमावतो. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

भाच्याने भिंगाखाली डिस्कच्या मोटरची बाही (शाफ्टभोवतीची नळी) धरली आणि म्हणाला, "मग ह्या खाचा कसल्या? हेच खिसे ना?" प्रश्न चांगला होता, कारण घोळ खरा इथेच होतो. आतल्या गोल भिंतीवर इंग्रजी व्हीसारख्या उथळ खाचा ओळीने असतात, काही मायक्रॉन खोल, बऱ्याचदा इलेक्ट्रोकेमिकल मशिनिंगने, म्हणजे विजेच्या मदतीने धातू विरघळवून, कोरलेल्या. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षवाल्याला ही नक्षी लगेच ओळखू येईल: ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर हीच असते. शाफ्ट आणि बाहीमधली फट दोन ते पाच मायक्रॉनची. एकमेकांच्या तुलनेत फिरू लागले की खाचा तेलाला दोन्ही बाजूंनी व्हीच्या टोकाकडे ढकलतात आणि मधोमध दाबाचा पट्टा तयार होतो. टायरसारखीच ह्यालाही दिशा असते. मोटर उलटी फिरवली तर तेल मध्यापासून दूर ढकललं जाईल आणि थर उपाशी पडेल.

नुसती गुळगुळीत बाही का नाही चालत? टॉवरच्या बेअरिंगवर वजन होतं. वजनाने धुरी एका बाजूला सरकते, म्हणून पाचर तयार होते. आडव्या ठेवलेल्या हार्ड डिस्कचा शाफ्ट उभा असतो, त्याच्यावर आडवा भार जवळपास शून्य. मध्यावर फिरणाऱ्या शाफ्टभोवती पाचरच नाही. त्यात आणखी एक खोड: फटीतलं तेल सरासरीने शाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतं, आणि हलका शाफ्ट त्या तेलामागे स्वतःही घिरट्या घालायला लागतो. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला म्हणजे सेकंदाला १२० फेरे, तर ह्या घिरट्या साठच्या जरा खाली. खाचांमुळे शाफ्ट अगदी मध्यावर असतानाही ताठर राहतो. त्या शोभेच्या नाहीत, त्यांच्यावाचून हे बेअरिंग ह्या कामाला लायकच नव्हतं.

तेल सांडत कसं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. रबरी सील नाहीच. टोकाला फट हळूहळू रुंद होत जाते, आणि निरांजनाची वात ज्या बळावर तेल वर ओढते त्याच बळावर तेल अरुंद बाजूकडे ओढलेलं राहतं. व्हीची एक बाजू मुद्दाम किंचित लांब ठेवून तेल एका दिशेने फिरतं ठेवतात, परतीच्या वाटेसाठी बारीक छिद्र असतं, म्हणजे हवेचे बुडबुडेही बाहेर पडतात. आमच्या टाकी-फिल्टरचं काम तिथे थेंबाभर तेलात उरकलंय.

बॉल बेअरिंग सोडून इथे का आले, तर बॉलचा गोलपणा कितीही नेमका केला तरी प्रत्येक फेरीत शाफ्ट थोडा वेगळा डुलतो. दर फेरीला सारखंच डुलणं असेल तर हेड, म्हणजे चकतीवरची माहिती वाचणारं-लिहिणारं टोक, त्याच्यामागे जाऊ शकतं. वेगळं असेल तर नाही, आणि ट्रॅक, म्हणजे चकतीवरच्या माहितीच्या गोल रेघा, जवळजवळ आणता येत नाहीत. तेलाचा थर हे चढउतार पोटात घालतो, आवाजही खातो. २००१ च्या सीगेट बॅराकुडा एटीए चार ह्या घरगुती ड्राइव्हमध्ये अशी मोटर आली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीचेही तिकडे वळले.

गंमत म्हणजे डिस्कच्या जगाने ही दोन्ही तत्त्वं वापरून पाहिली आहेत, पण हेडखाली आणि हवेची. १९५६ चं आयबीएमचं डिस्कचं मशिन, रॅमॅक: २४ इंची ५० चकत्या, मिनिटाला १२०० फेऱ्या, साठवण जेमतेम पन्नास लाख अक्षरं. त्याचं हेड चकतीपासून दूर ठेवायला कॉम्प्रेसरची हवा सोडत. म्हणजे सरळ स्टॅटिक. १९६१ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्याच १३०१ ह्या ड्राइव्हमध्ये कॉम्प्रेसर गेला. चकतीच फिरताना हवा ओढते आणि हेड तिच्यावर उडतं, आजही तसंच. म्हणजे भाच्याच्या हातातल्या त्या एका डब्यात दोन डायनॅमिक बेअरिंग होती, एक तेलाचं आणि एक हवेचं.

बंद पडण्याच्या तऱ्हा मात्र अगदी वेगळ्या. वीज गेली की आमचा पंप थांबतो, पण जड स्पिंडल बराच वेळ फिरत राहतो. त्या वेळेपुरतं तेल द्यायला अॅक्युम्युलेटर असतो, म्हणजे नायट्रोजनच्या दाबाखाली तेल साठवणारं भांडं. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्रपाळीला लाइट गेली, आणि अॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन कधीच उतरलेला होता. तो तपासायचं काम कागदावर कुणाचं तरी होतं. सकाळी स्पिंडल सीझ, म्हणजे जागीच जाम. हार्ड डिस्कला ही भीती नाही, कारण वेग आहे तोवर तिचा दाब तिच्याबरोबरच असतो. तिची झीज होते ती सुरू होताना आणि थांबताना, थर जमायच्या आधी. सतत चालणाऱ्या ड्राइव्हचं बेअरिंग म्हणूनच उलट निवांत असतं. तिचा शत्रू तापमान: तापलं की तेल पातळ होऊन ताठरपणा जातो, गारठलं की तेल घट्ट होऊन मोटरला जोर लागतो. निफाडचा पारा जानेवारीत पाचाच्या खाली जातो, आणि बऱ्याच ड्राइव्हच्या माहितीपत्रकात चालवायचं किमान तापमान पाचच अंश असतं. शेडमध्ये सीसीटीव्हीचा रेकॉर्डर ठेवणाऱ्यांनी हे बघावं.

भाचा म्हणाला, "मग एकाच बेअरिंगात दोन्ही नाही करता येणार?" करतात की. अनेक मोठ्या वाफेच्या टर्बाइनचा रोटर कित्येक टनांचा असतो. सुरुवातीला त्याला जास्त दाबाच्या पंपाने खालून तेल देऊन उचलतात, जॅकिंग ऑइल म्हणतात त्याला. वेग आला की पंप बंद, पुढे रोटर स्वतःच्या पाचरीवर चालतो. थांबवताना पंप पुन्हा चालू.

त्याने मोटर बोटाने फिरवली, कानाशी नेली. "आवाज येतोय," म्हणाला. येणारच. बोटाच्या वेगाला तेलाचा थर नीट जमतच नाही.