वार उजवीकडे, म्हणजे मुलगा?

परळ-दादरच्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये शिरलं की समोरच पाटी दिसते : ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ त्याच पाटीखाली बसलेल्या बायकांचं हलक्या आवाजात बोलणं चालू असतं. वार, म्हणजे गर्भाला पोसणारी प्लॅसेंटा, उजवीकडे आलीय की डावीकडे? ठोके किती? रिपोर्टात अँटिरिअर लिहिलंय, म्हणजे वार पुढच्या बाजूला, मग मुलगीच ना? पाटी लागून दोन-तीन दशकं झाली. ही कुजबुज मात्र फार जुनी आहे.

उजवं-डावं तर थेट सुश्रुतसंहितेत सापडतं. जिच्या उजव्या स्तनात आधी दूध दिसतं, जिचा उजवा डोळा मोठा वाटतो, तिला मुलगा होणार, असं त्यात म्हटलंय. पुंसवन या गर्भसंस्कारात मुलासाठी वडाच्या कोंबांचा रस उजव्याच नाकपुडीत घालायचा. प्राचीन ग्रीक वैद्यही मुलगा गर्भाशयाच्या उजव्या बाजूला वाढतो असं मानत. उजवं ते शुभ आणि मुलगा तो शुभ, एवढ्यावरच हा सगळा डोलारा उभा आहे. आपल्याकडे डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ हसतखेळत होतो खरा, पण पेढा निघाल्यावर टाळ्या जरा जास्त वाजतात, हे त्या पाटावर बसलेल्या मुलीला ऐकू येतंच.

आज इंटरनेटवरून फिरणारी ‘रामझी पद्धत’ हे त्याच उजव्या-डाव्याचं नवं रूप आहे. सहाव्या आठवड्यात वार उजवीकडे दिसली तर मुलगा, आणि हे ९७ टक्क्यांहून जास्त वेळा खरं ठरतं, असा तिचा दावा. तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या कुठल्याही वैद्यकीय नियतकालिकात तो सिद्ध झालेला नाही. सहाव्या आठवड्यात वार धड तयारही झालेली नसते. शिवाय पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बाईची उजवी बाजू बहुधा पडद्याच्या डावीकडे दिसते, त्यामुळे फोटो पाहून घरबसल्या उजवं-डावं ठरवणाऱ्यांची तिथेच गफलत होते.

ठोक्यांचं तसंच. १४०च्या वर गेले तर मुलगी, असं सांगणाऱ्या आजी-मावश्या घरोघरी आहेत. प्रत्यक्षात सहाव्या आठवड्यात ठोके ११०च्या आसपास असतात, नवव्याच्या सुमारास १७०पर्यंत चढतात आणि मग हळूहळू उतरतात. मुलगा असो वा मुलगी, चढ-उतार तोच. नवव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली तर या हिशेबाने सगळ्यांना मुलीच व्हायला हव्यात. बाहेरून पाहिलं तर त्या सुमारापर्यंत दोन्ही गर्भांचे अवयव सारखेच दिसतात. लिंग मात्र गर्भ राहतो त्याच क्षणी, बापाकडून एक्स गुणसूत्र आलं की वाय यावर ठरलेलं असतं. नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने किड्यांच्या अभ्यासातून याचा उलगडा केला तो १९०५ साली. तरीही ‘हिला मुलीच होतात’ हे वाक्य अजून सुनेलाच ऐकावं लागतं, याची मला मनापासून चीड येते.

सोनोग्राफीचा जन्म ग्लासगोचा. कारखान्यात धातूतले तडे शोधणारं यंत्र इयान डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञाने पोटातल्या गाठी पाहायला वापरलं आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर निबंध लिहिला. गर्भ गर्भाशयातच आहे की नळीत, एक आहे की जुळे, ठोके सुरू झाले का, हे आजही सुरुवातीच्या सोनोग्राफीत पाहायचं असतं. वेळेत कळलं तर बाईचा जीव वाचतो.

आपल्याकडे मुलगी नको असणाऱ्यांच्या हाती आधी लागली ती गर्भजल परीक्षा. पोटातून सुई घालून गर्भजल काढायचं आणि पेशी तपासायच्या. सत्तरच्या दशकात ती आनुवंशिक दोष शोधायला सुरू झाली, पण ऐंशीच्या दशकात मुंबईच्या लोकलच्या डब्यांत तिच्या जाहिराती चिकटवलेल्या असत. सूर असा, की आत्ता थोडे पैसे खर्चा आणि पुढचा हुंडा वाचवा. याच शहरातल्या स्त्री संघटना, डॉक्टर आणि विज्ञानाचे अभ्यासक त्याविरुद्ध एकत्र आले, मोर्चे काढले, सरकारच्या मागे लागले. त्यातून १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६पासून लागू झाला.

कागदावर सगळं होतं, अंमलबजावणी नव्हती. म्हणून २००० साली मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही बेकायदा ठरली. दोन मुली असलेल्या मुंबईच्या एका जोडप्याने या कायद्यालाच आव्हान दिलं, ते मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली फेटाळलं. कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते : तपासणी करून घेणाऱ्या बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असं गृहीत धरलं जातं, तसं नव्हतं हे दुसऱ्यांनी सिद्ध करायचं.

महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ उरल्या आणि २०११ साली ८९४. तोवर पाट्या भिंतींवर लागलेल्या होत्या.