लॅरी होम्स : जॅब, गुणपत्रिका आणि एप्रिल १९८६ चा निकाल

हेवीवेट बॉक्सिंगच्या गप्पा अलीवरून निघतात आणि थेट टायसनवर जाऊन पोचतात. मधली सात वर्षं लॅरी होम्स जगज्जेता होता आणि त्या काळात तो एकदाही हरला नाही. त्याचं नाव निघालंच तर दोन गोष्टींसाठी निघतं. १९८० मध्ये त्याने उतरत्या वयातल्या अलीला हरवलं, आणि १९८५ मध्ये जुना जगज्जेता रॉकी मार्सियानोच्या ४९-० (४९ विजय, एकही पराभव नाही) या विक्रमाला त्याचा एक विजय कमी पडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्याचं कसब दोन्हींत कुठेच दिसत नाही, आणि ज्या निकालाने त्याचं इतिहासातलं स्थान ठरवलं त्या एप्रिल १९८६ च्या लढतीबद्दल क्वचितच कुणी बोलतं.

जन्म १९४९ चा, जॉर्जियातला. बारा भावंडं. कुटुंब पेनसिल्वेनियातल्या ईस्टनला आलं, शाळा सातवीत सुटली, आणि मुलगा गाड्या धुण्याच्या कामाला लागला. १९७३ मध्ये तो व्यावसायिक झाला. पुढची काही वर्षं अलीच्या डियर लेकच्या शिबिरात सराव-जोडीदार म्हणून काढली. मनिलात १९७५ मध्ये अली-फ्रेझर लढत झाली, त्याच दिवशी आधीच्या लढतींत होम्सही खेळून गेला होता. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

उंची सहा फूट तीन इंच, हातांचा पल्ला ८१ इंच. त्याचं हत्यार म्हणजे जॅब, पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. डावा हात बऱ्याचदा खाली असायचा, त्यामुळे ठोसा नजरेच्या खालून वर यायचा आणि समोरच्याला तो उशिरा दिसायचा. एक मारून तो थांबत नसे. दोन, तीन सलग, आणि प्रत्येक वेळी हात निघाला तितक्याच वेगाने परत. इतरांचा जॅब पुढच्या ठोशासाठी अंतर मोजतो. होम्सच्या जॅबने माणसाचे डोळे सुजायचे, तोल जायचा, पाय थबकायचे. हेवीवेटच्या इतिहासात यापेक्षा चांगला जॅब झाला नाही, असं माझं मत आहे.

जगज्जेतेपद त्याला मिळालं ते मात्र गोंधळाच्या काळात. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं आणि केन नॉर्टनशी लढण्याऐवजी अलीशीच पुन्हा लढायचं ठरवलं. म्हणून एका संघटनेने स्पिंक्सचा जगज्जेतेपदाचा पट्टा काढून नॉर्टनला दिला. जूनमध्ये लास व्हेगासला होम्स नॉर्टनविरुद्ध उतरला. सरावात त्याच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला होता, म्हणजे ज्या हातावर सगळी मदार तोच. चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे बरोबरी होती आणि पंधराव्या फेरीत दोघांनी शिल्लक होतं ते सगळं ओतलं. फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला साधारण नऊ गुण मिळतात. तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर आकडे सारखेच होते, १४३-१४२, म्हणजे एकाच्या आठ फेऱ्या, दुसऱ्याच्या सात. दोन पंच होम्सकडे, एक नॉर्टनकडे.

पद राखण्याच्या पुढच्या आठ लढती (बचाव) त्याने सलग मुदतीआधीच, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होण्याआधीच संपवल्या. सप्टेंबर १९७९ मध्ये शेव्हर्सच्या उजव्या ठोशाने तो सातव्या फेरीत आडवा झाला, उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. १९८१ मध्ये स्नाइप्सविरुद्धही तसंच झालं, पुन्हा सातवी आणि पुन्हा अकरावी. आठव्या बचावात समोर ३८ वर्षांचा अली होता. दहा फेऱ्यांत एकही फेरी अलीला मिळाली नाही आणि त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी लढत थांबवली. होम्स रेफ्रीकडे बघत होता, हात आखडता घेत होता. लढतीनंतर तो रडला. लोकांनी त्याला याचं श्रेय दिलं नाही आणि त्यालाही ते नको होतं. पण दोषही त्याच्याच माथी आला, हे अन्यायाचं आहे. त्या अवस्थेत अलीला रिंगणात उतरू देणारे दुसरेच होते.

१९८२ च्या, गोऱ्या गेरी कूनीविरुद्धच्या लढतीत गुणपत्रिकांचा प्रश्न प्रथम ठळक झाला. ती लढत गोरा विरुद्ध काळा अशी विकली गेली. रिवाजाने जगज्जेत्याची ओळख शेवटी करून देतात, त्या रात्री होम्सची आधी करून दिली. तेराव्या फेरीत त्याने कूनीला संपवलं. नंतर गुणपत्रिका उघडल्या तेव्हा दिसलं की कंबरेखालच्या ठोशांबद्दल कूनीचे तीन गुण कापले गेले नसते तर दोन पंचांकडे तोच पुढे होता. बारा फेऱ्या जॅब खाऊन चेहरा सुजलेला माणूस पुढे! जॅब दिसायला हलका असतो. एखादा लांबून फिरवलेला हूक हुकला तरी प्रेक्षक उसळतात, आणि पंचही माणसंच असतात. १९८३ मध्ये टिम विदरस्पूनविरुद्धचा विभागलेला निकाल (दोन पंच एकीकडे, एक दुसरीकडे) होम्सच्या बाजूने गेला, आणि तो उलटा लागायला हवा होता असं अनेकांना वाटलं, हेही नोंदवायला हवं.

त्याच वर्षाअखेर पैशांच्या वादातून त्याने आपला पट्टा सोडला आणि नव्याने निघालेल्या संघटनेची मान्यता स्वीकारली. रिंगणात काहीच बदललं नाही, पण जगज्जेता नेमका कोण हे सामान्य वाचकाला कळेनासं झालं.

२१ सप्टेंबर १९८५. मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला त्या दिवशी बरोबर तीस वर्षं झाली होती. ४८-० वर असलेला ३५ वर्षांचा होम्स लाइट-हेवीवेट या हलक्या वजनगटाचा जगज्जेता, लिऑनचा भाऊ मायकल स्पिंक्सकडून गुणांवर हरला. स्पिंक्स वजनाने वीसेक पौंडांनी कमी होता. लाइट-हेवीवेटच्या जगज्जेत्याने हेवीवेटचं पद मिळवण्याची ही पहिलीच वेळ. निकाल अटीतटीचा होता, तरी बहुतेकांना मान्य झाला. पराभवानंतर होम्स मार्सियानोबद्दल जे अपमानास्पद बोलला, ते त्याने बोलायला नको होतं. माफी मागितली, तरी ते वाक्य त्याला चिकटलं ते चिकटलंच.

सात महिन्यांनी, १९ एप्रिल १९८६ ला लास व्हेगासलाच पुन्हा पंधरा फेऱ्या. या वेळी होम्स पहिल्या घंटेपासून पुढे सरकत लढला. सुरुवातीच्या फेऱ्या त्याच्या होत्या, यावर फारसं दुमत नाही. मधल्या टप्प्यात स्पिंक्स सावरला. त्याची पद्धत वेडीवाकडी. अनपेक्षित कोनातून आत यायचं, चार-पाच ठोशांची सर टाकायची आणि बाहेर पडायचं. त्यातले बरेच होम्सच्या हातांवर, खांद्यांवर पडत होते. चौदाव्या फेरीत होम्सच्या उजव्या ठोशाने स्पिंक्सचे पाय लटपटले आणि काही क्षण तो पडणार असंच वाटलं. तो पडला नाही. कुस्तीत लाल मातीत पाठ टेकली की निकालावर बोलायला काही उरत नाही. इथे तीन माणसांच्या कागदांवर सगळं आलं. दोघांनी स्पिंक्सला विजयी ठरवलं, एकाने होम्सला.

स्पिंक्सच्या बाजूचा युक्तिवाद असा की मधल्या फेऱ्यांत हालचाल आणि ठोशांची संख्या दोन्ही त्याच्याकडे होती, आणि चौदावी फेरी कितीही गाजली तरी ती एकच फेरी. तो फेटाळण्यासारखा नाही. पण फेरी ठरवताना स्वच्छ लागलेला ठोसा आधी मोजायचा असतो, आणि स्वच्छ, जोरकस ठोसे त्या रात्री होम्सचे जास्त होते. लढत पाहिलेल्या पत्रकारांतही मोठा गट होम्सच्या बाजूचा होता. निकाल उलटा लागला असता तर तो ३६ व्या वर्षी आपलं पद परत मिळवणारा हेवीवेट ठरला असता आणि ४९-० चा उल्लेख त्याच्या नावापुढे तळटीप म्हणून उरला असता. माझ्या हिशेबात त्याने ती लढत दोन फेऱ्यांनी जिंकली.

त्यानंतरचं बहुतेकांना आठवतं. जानेवारी १९८८ मध्ये, जवळजवळ दोन वर्षांच्या विश्रांतीनंतर तो टायसनसमोर उतरला आणि चौथ्या फेरीत बाद झाला. मुदतीआधीचा हा त्याचा एकमेव पराभव. नव्या पिढीने त्याला पाहिलं ते या चित्रफितीत. पाच महिन्यांनी टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं, आणि १९८६ च्या निकालाबद्दल बोलण्यात कुणाला रस उरला नाही. पण होम्स संपला नव्हता. १९९२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने अपराजित ऑलिम्पिक विजेता रे मर्सरला कोपऱ्यात टेकून, जॅब आणि समोरच्याच्या ठोशाला उत्तर म्हणून मारलेल्या ठोशांनी बारा फेऱ्या शिकवलं. काही महिन्यांनी होलिफिल्डविरुद्ध बारा फेऱ्या तग धरला, आणि १९९५ मध्ये ४५ व्या वर्षी मॅकॉलविरुद्ध जगज्जेतेपद थोडक्या गुणांनी हुकलं. शेवटची लढत २००२ मध्ये झाली. एकूण ७५ लढती, ६९ विजय.

सलग बचावांच्या यादीत जो लुईच्या २५ नंतर होम्सचे २० येतात. काही याद्यांत ते १९ दिसतात, कारण नोव्हेंबर १९८३ ची मार्विस फ्रेझरविरुद्धची लढत त्या वेळच्या संघटनेने पदाची मानली नव्हती. ती लढत होम्सने पहिल्याच फेरीत संपवली होती.