सरोवरातला गाळ: थर पुराचा की भूकंपाचा?

सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळीचा फोटो, त्यात एक जाडसर पट्टा आणि वर मथळा: 'प्राचीन महाभूकंपाचा पुरावा सापडला'. काही दिवसांनी तसाच फोटो, तसाच पट्टा, पण या वेळी मथळ्यात अतिवृष्टी. पट्टा नुसता पाहून यातलं काहीच ठरत नाही. आणि थर चुकीच्या खात्यात पडला, तर दोन्ही हिशेब बिघडतात: भूकंप पुरात मोजला की त्या काळचा पाऊस फुगतो, पूर भूकंपात मोजला की तो प्रदेश उगाच धोक्याचा ठरतो.

पुराचा गाळ समजावून सांगायची गरज नाही. धरणं गाळाने कशी भरतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नदी डोंगरावरची माती, पालापाचोळा, काटक्या घेऊन येते आणि मुखापाशी जास्त, पुढे कमी असं टाकत जाते.

भूकंपात गाळ बाहेरून यावा लागत नाही. सरोवराच्या पाण्याखालच्या उतारांवर साचलेला मऊ गाळ हादऱ्याने सुटतो, खोल भागाकडे घसरतो आणि वाटेत पाण्यात मिसळून जड, गढूळ प्रवाह होतो. मोठ्या पुराचं पाणीही गाळाने जड होऊन असंच तळालगत वाहतं. दोन्ही प्रवाह मंदावले की आधी रेती बसते, मग बारीक माती. अशा थराला टर्बिडाइट म्हणतात. 'टर्बिडाइट मिळाला, म्हणजे भूकंप झाला' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण त्यात निम्मा तपास गाळलेला असतो.

तो निम्मा तपास म्हणजे एकच प्रश्न: हे एकाच वेळी किती ठिकाणी घडलं? पूर नदीच्या वाटेने येतो. भूकंप मात्र सरोवराचे सगळे काठ एकदम हलवतो, जिथे मोठी नदी मिळत नाही तिथलेही.

स्वित्झर्लंडमधलं लुसर्न सरोवर यासाठी मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं. 18 सप्टेंबर 1601 रोजी तिथे भूकंप झाला. पाणी परातीत हिंदकळावं तसं मागेपुढे होत राहिलं आणि शहराजवळ रॉइस नदीचं पात्र मधूनमधून जवळपास कोरडं पडलं. लुसर्नचे नगरलेखक रेनवार्ड त्सिझाट यांनी हे लिहून ठेवलं आहे. चारशे वर्षांनी संशोधकांनी बोटीवरून ध्वनिलहरी सोडून तळाचा छेद पाहिला, तेव्हा वेगवेगळ्या उतारांवरून घसरलेले गाळाचे ढीग एकाच पातळीवर, म्हणजे एकाच वेळी बसलेले दिसले. हा नमुना धरून त्यांनी मागच्या सुमारे 15 हजार वर्षांतले आणखी पाच भूकंप ओळखले.

त्याच सरोवरात 1687 मध्ये मुओटा नदीच्या मुखाशी साचलेला त्रिभुज प्रदेश कोसळला आणि मोठी लाट उठली. भूकंप नव्हता, साठलेला गाळ आपल्याच भाराने ढासळला. नुसती त्या बाजूची एक नळी हाती असती, तर तिच्यावरूनही कोणीतरी भूकंप जाहीर केला असता. म्हणून एकाच नळीवर उभ्या असलेल्या भूकंपाच्या दाव्यावर मी विश्वास ठेवत नाही.

'एकाच वेळी' हेही सिद्ध करावं लागतं. रेडिओकार्बनच्या (गाळातल्या सेंद्रिय अवशेषांमधल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या) तारखेत काही दशकांची चूक सहज असते. तेवढ्या फटीत दोन वेगळे पूर एक भूकंप बनून बसतात. त्यामुळे एकाच सरोवरात तोच थर एका भागातून दुसऱ्या भागात सलग मागोवत नेणं मला जास्त पटतं. दोन सरोवरांची तुलना करायची, तर दरवर्षी एक थर बसणारी सरोवरं शोधावीत आणि वर्षं मोजावीत.

बाकीच्या खुणा मदतीच्या आहेत. थरात जमिनीवरचा पालापाचोळा जास्त असेल तर पुराकडे झुकावं. सरोवराचाच जुना गाळ आणि त्यातले डायटम (पाण्यात वाढणारी सूक्ष्म शैवालं) पुन्हा दिसले तर घसरणीकडे. रंग आणि जाडी यांवर वेळ घालवू नये.

कधीकधी मात्र दोन्ही एकापाठोपाठ येतात. न्यूझीलंडच्या अल्पाइन भ्रंशाजवळच्या (भूकंप घडवणाऱ्या भूकवचातल्या मोठ्या भेगेजवळच्या) पॅरिंगा सरोवरात आधी हादऱ्याचा थर आहे आणि त्यावर पुराचे थर. भूकंपाने डोंगर खिळखिळे झाले, दरडींचा माल पुढची काही दशकं नद्यांतून येत राहिला. तिथे या पुराच्या थरांवरून पाऊस वाढला असं म्हणणं साफ चूक ठरेल.

तसंच थरावरून थेट रिश्टरचा आकडा काढणाऱ्यांनी थांबावं. सरोवर नोंदवतं ते आपल्या जागी बसलेला हादरा. जवळचा मध्यम भूकंप आणि दूरचा प्रचंड भूकंप तिथे सारखेच उमटू शकतात.

हवामानच हवं असेल, तर जाड थर मोजण्यापेक्षा मी खनिजांकडे बघेन. लोणारच्या गाळात गेलुसाइट या क्षारयुक्त खनिजाचे स्फटिक मिळाले. त्यांवरून सुमारे 4600 ते 3900 आणि 2000 ते 600 वर्षांपूर्वी पावसाने दीर्घकाळ ओढ दिल्याचं दिसतं. पाणी आटून क्षार दाट झाल्याशिवाय हे स्फटिक तिथे बनत नाहीत, आणि कितीही मोठा हादरा बसला तरी तो पाणी आटवत नाही.