सौर उष्णतेवरील इंधननिर्मितीचे अर्थकारण

आरशांनी एकवटलेल्या उन्हाच्या उष्णतेवर रासायनिक अभिक्रिया घडवून हायड्रोजन, संश्लेषण वायू (हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण) आणि त्यापासून पेट्रोल, डिझेल किंवा विमानाचे इंधन तयार करता येते. या इंधनाचा खर्च कशावर ठरतो, हा येथील विषय आहे. ऊन फुकट असते. पैसे पडतात ते आरसे, ज्याच्या टोकावर ते ऊन एकवटतात तो मनोरा, भट्टी आणि जमीन यांना, तेही सगळे आधीच. म्हणून लिटरमागचा खर्च गुंतवलेले भांडवल, त्यावरचे व्याज आणि वर्षातले कामाचे तास यांवर ठरतो.

आरशांचे गणित मांडून पाहावे. चांगल्या वाळवंटी जागी एका चौरस मीटरवर वर्षाला सुमारे २,००० किलोवॉट-तास थेट ऊन पडते. त्यातले ४ टक्के इंधनात उतरले, तर जेमतेम ८ लिटर विमान-इंधन मिळेल. १५ टक्के उतरले तर सुमारे ३१ लिटर. आरसे तेवढेच, इंधन जवळजवळ चौपट. कार्यक्षमता वाढवण्यासाठी संशोधक एवढे का झटतात, ते यावरून कळते.

ही कार्यक्षमता मिळवणे मात्र कठीण आहे. यासाठीच्या एका पद्धतीत सिरियम ऑक्साइड (सिरियम या धातूचे संयुग) वापरतात. ते सुमारे १,५००° से. पर्यंत तापवले की ऑक्सिजन सोडते आणि सुमारे ९००° से. ला पाणी व कार्बन डायऑक्साइड यांच्यातला ऑक्सिजन ओढून घेते. मागे उरतो तो संश्लेषण वायू. या दोन तापमानांमध्ये दर फेरीला निसटणारी उष्णता हा सर्वांत मोठा तोटा आहे. माद्रिदजवळ मोस्तोलेस येथे १६९ आरशांच्या मनोऱ्यावर झालेल्या प्रयोगात (२०२२) कार्यक्षमता ४.१ टक्के भरली. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी लिटरला १.२० ते २ युरो असा अंदाज दिला होता. तो खरा ठरण्यासाठी निसटणारी उष्णता परत वापरता आली पाहिजे.

मिथेनाचा (नैसर्गिक वायूच्या मुख्य घटकाचा) मार्ग सोपा आहे. वाफेबरोबर मिथेनाची अभिक्रिया ८५०–९००° से. च्या आसपास होते आणि आज त्यासाठी वायूचाच काही भाग भट्टीत जाळतात. ती उष्णता उन्हाने दिली, तर तयार वायूत मूळ मिथेनापेक्षा सुमारे २५ टक्के अधिक ऊर्जा येते. पण वाचतो तो फक्त भट्टीतला वायू. वायू स्वस्त असेल आणि कार्बन उत्सर्जनावर शुल्क नसेल, तर आरशांचे पैसे निघत नाहीत. शिवाय खनिज वायूतला कार्बन इंधनात तसाच राहतो. शेण किंवा कचऱ्यापासूनचा बायोगॅस वापरला तरच हिशेब बदलतो.

रात्री भट्टी बंद राहिली तर भांडवल पडून राहते, म्हणून उष्णतेच्या साठ्याला महत्त्व आहे. सिनहेलियन कंपनीने जर्मनीत युलिख येथे २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘डॉन’ संयंत्रात तशी सोय आहे. उलट बाजूला सौर पॅनेलांची वीज झपाट्याने स्वस्त झाली. तिच्यावर पाण्याचे विघटन करून मिळणारा हायड्रोजन हाच आता खरा स्पर्धक आहे. पॅनेल ढगाळ उजेडातही थोडे काम करते. आरशाला थेट किरणच लागतात, त्यामुळे धूळ आणि पावसाळा त्याला फार महाग पडतात.

उष्णता थेट वापरली तर व्यवहार लवकर जमतो. शिर्डीच्या प्रसादालयात ऊन एकवटणाऱ्या ७३ तबकड्यांनी तयार केलेल्या वाफेवर स्वयंपाक होतो आणि लातूरच्या दूध डेअरीत ‘अरुण’ नावाच्या अशाच तबकडीची उष्णता दूध तापवायला वापरली गेली. तिथे रूपांतराचा तोटा नाही आणि वाचलेल्या इंधनाची किंमत लगेच हाती येते. त्यामुळे उन्हापासून इंधन बनवण्याचा खटाटोप जिथे दुसरा उपाय अवघड आहे तिथेच करावा, आणि लांब पल्ल्याचे विमान हे त्याचे ठळक उदाहरण आहे. युरोपीय संघाने विमानतळांवरील इंधनात शाश्वत इंधनाचे (खनिज तेलाऐवजी कमी कार्बनच्या स्रोतांपासून बनलेल्या इंधनाचे) प्रमाण २०२५ पासून २ टक्के, २०३० पासून ६ टक्के आणि २०५० पासून ७० टक्के असे बंधनकारक केले आहे. अशा सक्तीमुळे महाग इंधनालाही ग्राहक मिळतो. दीर्घ मुदतीचा खरेदी करार हाती असला की बँकही कमी व्याजाने कर्ज देते, आणि या व्यवसायात व्याज अर्धा-एक टक्का उतरले तरी लिटरचा भाव हलतो.