दीड ते साडेचार : न हललेल्या आकड्याची गोष्ट

हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? १८९६ मध्ये एका स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने हाताने आकडेमोड करून पाच-सहा अंश असे उत्तर काढले. १९३८ मध्ये एका इंग्रज इंजिनिअरने ते दोनवर आणले. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या समितीपुढे दोन गटांची मॉडेल, म्हणजे संगणकावर हवामानाची केलेली गणिती नक्कल, होती. एकाचे उत्तर दोनच्या आसपास, दुसऱ्याचे चारच्या. दोन्ही टोकांना अर्ध्या अंशाची सूट दिली आणि १.५ ते ४.५ हा पल्ला जन्माला आला. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या (आयपीसीसी) पुढच्या अहवालांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला. २००७ मध्ये खालचे टोक २ झाले, सर्वांत संभाव्य आकडा ३ ठरला, आणि वाटले की गाडी रुळावर आली.

२०१३ च्या अहवालात मात्र खालचे टोक पुन्हा १.५ वर नेले गेले. शिवाय सर्वांत संभाव्य आकडा द्यायचाच नाही असे ठरले, आणि तेही सारांशाच्या एका तळटीपेत. एवढा मोठा निर्णय तळटीपेत का, हे मला आजही खटकते. त्यामागची अडचण मात्र खरी होती. एकोणिसाव्या शतकापासूनची तापमानवाढ, हरितगृह वायूंचा वाढलेला जोर आणि समुद्राने गिळलेली उष्णता यांचा ताळेबंद मांडला की उत्तर दोनच्या आसपास येत होते. मॉडेल तीनच्या वर सांगत होती. त्यात १९९८ नंतर तापमानवाढ मंदावल्यासारखी दिसत होती.

ताळेबंदाच्या बेरजेत चूक नव्हती, चूक गृहीतकात होती. आजवर हवामानाने जसा प्रतिसाद दिला तसाच तो पुढेही देईल, असे धरले होते. पण गेल्या काही दशकांत समुद्र सगळीकडे सारखा तापलेला नाही. पॅसिफिकचा पश्चिम भाग तापला. पूर्व भाग मागे राहिला, काही ठिकाणी थोडा थंडही झाला. थंड पाण्यावर सखल ढगांची चादर टिकते आणि ऊन परतवते. म्हणजे उष्णतेच्या या वाटणीनेच वाढ तात्पुरती झाकली गेली. पूर्वेकडचे पाणीही तापले की ती चादर विरळ होईल.

या आकड्याचे शास्त्रीय नाव ‘समतोल हवामान संवेदनशीलता’, म्हणजे कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर तापमान स्थिरावेपर्यंत होणारी वाढ. गोंधळात भर घालतो तो त्यातला ‘समतोल’ हा शब्द. खरा समतोल यायला हजारो वर्षे लागतात. एवढा वेळ संगणक चालवणे परवडत नाही. म्हणून कार्बन डायऑक्साइड एकदम चौपट करतात, मॉडेल दीडशे वर्षे चालवतात, समतोलापर्यंत रेघ पुढे ओढतात आणि, चौपट म्हणजे दोनदा दुप्पट म्हणून, उत्तर निम्मे करतात. हिमचादरी वितळण्याचा परिणाम यात धरलेला नसतो. ताळेबंदातून येणारा आकडा वेगळाच, पण बातम्यांत दोघांचे नाव एकच.

२०१९ च्या सुमारास नव्या पिढीतली काही मॉडेल पाचच्या वर गेली. बरेचसे कारण दक्षिण महासागरावरच्या ढगांत सापडले. शून्याखालीही न गोठलेले पाणी नव्या मॉडेलांनी जास्त धरले होते. २०२१ च्या अहवालाने मग मॉडेलांच्या उत्तरांवर थेट विसंबणे सोडले. ढगांची समज, उपकरणांच्या नोंदी आणि हिमयुगासारख्या प्राचीन काळाचे पुरावे एकत्र तोलून त्याने २.५ ते ४ हा पल्ला दिला. मधला आकडा पुन्हा ३, म्हणजे १९७९ चाच.