केस झालेल्या आणि मानसिक आजाराचे उपचार चालू असलेल्या माणसाला नोकरीसाठी लागणारे कागद: सोलापुरात कुठे मिळतात, कोणाला काय दाखवायचं

कागद असूनही नोकरी हुकलेली माणसं मी कागद नसलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा जुनं नैराश्य, त्यावर उपचार चालू. त्यात कधीतरी मारहाणीची, तोडफोडीची नाहीतर चोरीची पोलीस केस झालेली. कोणी जामिनावर आहे, कोणी निर्दोष सुटलाय, कोणी शिक्षा भोगून आलाय. आता डोकं शांत आहे आणि काम हवंय. हे सगळं त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी लिहितोय. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. असे अर्ज भरून देतो आणि ते कुठे अडकतात ते रोज बघतो.

आधी दोन फायली आणा

एका मावशींचं सांगतो. विड्या वळून घर चालवतात. मुलगा चौतीस वर्षांचा, आधी यंत्रमागावर होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात पॅकिंगला माणूस हवा होता. मॅनेजरने आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक मागितलं. मावशींनी साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यातून आधारबरोबर सिव्हिलचे केसपेपर, जामिनाचा आदेश आणि गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या बाहेर आल्या. लपवायचं काही नाही, एवढाच त्यांचा हेतू. मॅनेजर पट्ट्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, नंतर कळवतो. त्याने कळवलं नाही.

म्हणून दोन वेगळ्या रंगांच्या फायली करा. एकीत फक्त आजाराचे कागद, दुसरीत फक्त केसचे. आजाराची फाइल दवाखान्यात आणि दिव्यांग मंडळापुढे (अपंगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे) उघडायची. नोकरीच्या ठिकाणी फक्त तेव्हा, जेव्हा दिव्यांग म्हणून आरक्षण किंवा कामात सवलत मागायची असेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाचा आहे. पॅकिंगच्या कामासाठी निदान सांगण्याची गरज नाही.

केसच्या फायलीचा नियम उलटा. विचारल्याशिवाय पुढे करू नका, पण लेखी विचारलं तर एक अक्षर लपवू नका. लोक नेमकं याच्या उलट करतात. आजार सगळ्यांना सांगतात आणि केस फॉर्मवर लपवतात.

आजाराची फाइल

मानसिक आजारही कायद्याने दिव्यांगत्वात येतो. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. ई-सेवा केंद्रात अर्ध्या तासाचं काम. रुग्णालय निवडताना जिथे मनोविकारतज्ज्ञ आहेत तेच निवडा. शहरातल्या बहुतेकांसाठी ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल.

खरी अडचण तपासणीच्या दिवशी येते. मानसिक आजाराची टक्केवारी एक्स-रे बघून निघत नाही. माणूस स्वतःची निगा किती राखतो, नाती कशी सांभाळतो, बोललेलं समजून उत्तर देतो का आणि काम करू शकतो का, या चार गोष्टींना गुण असतात. त्याबरोबर आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. ते कशावरून ठरणार? जुन्या केसपेपरांवरून. कागदात खंड पडला की आजारातच खंड पडला असं वाचलं जातं.

केस झालेल्यांच्या कागदात हा खंड हमखास असतो. चौदा महिने आत होता, गोळ्या तिथे मिळत होत्या, पण त्याची नोंद कारागृहाच्या दवाखान्यात राहिली. सुटताना ती कोणी हातात देत नाही आणि सुटण्याच्या घाईत कोणी मागतही नाही. मग मंडळापुढे चौदा महिने कोरे दिसतात. कोणी मधल्या काळात येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात राहिलेला असेल, तर तिथलं डिस्चार्ज कार्डही बहुतेक घरात सापडत नाही.

हे कागद मागण्याचा हक्क आहे. २०१७ च्याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळायला हव्यात. कारागृह अधीक्षकांच्या नावे साधा लेखी अर्ज करा. त्यात नाव, वडिलांचं नाव, बंदी क्रमांक, आत गेल्याची आणि सुटल्याची तारीख लिहा, आणि 'या काळात मला दिलेल्या मानसिक उपचारांच्या नोंदींची प्रत मिळावी' अशी मागणी करा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फायलीत लावा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. आजारी माणसाने आपल्याच उपचारांचा कागद मिळवायला महिना-महिना थांबावं याचा मला राग येतो. पण दिव्यांग मंडळाची तारीख घेण्याआधी हा अर्ज टाका, नंतर टाकून उपयोग नाही.

आता दुसरी गोष्ट. मंडळापुढे डॉक्टर विचारतात, "आता कसा आहे?" आणि आई चटकन म्हणते, "चांगलाय की ओ सर, गोळ्या घ्यालाय." तिला मुलगा चांगला असल्याचा अभिमान आहे आणि तो खराही आहे. पण डॉक्टर ऐकतात ते लिहितात आणि टक्केवारी चाळीसच्या खाली येते. सकाळी उठवतं कोण, गोळी हातावर ठेवतं कोण, एका कामावर सलग महिनाभर शेवटचा कधी टिकला, गर्दीत गेल्यावर काय होतं, ते सांगा. वाढवून सांगू नका, झाकूही नका.

चाळीस टक्क्यांचा आकडा का मोठा? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा आहेत. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार किंवा एकाहून जास्त प्रकारचं अपंगत्व असलेल्यांमध्ये वाटला जातो. जागा थोड्या आहेत हे खरं, पण पात्र असूनही अर्जच न करणारे खूप आहेत. टक्केवारी पटली नाही तर याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं.

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र पुष्कळदा ठरावीक काळापुरतंच असतं. त्यावर दोन तारखा असतात: दिल्याची आणि वैधता संपण्याची. लोक पहिलीच वाचतात. मग नोकरीच्या कागदपत्र तपासणीत प्रमाणपत्र संपलेलं निघतं आणि वर्षभराची मेहनत तिथेच थांबते. दुसऱ्या तारखेच्या तीन महिने आधी घरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

केसची फाइल

नोकरीच्या पडताळणी फॉर्मवर साधारण तीन प्रश्न असतात आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. कधी अटक झाली होती का? खटला चालू आहे का? शिक्षा झाली आहे का? निर्दोष सुटलेला माणूस तिन्ही ठिकाणी 'नाही' लिहून मोकळा होतो, कारण त्याच्या मनात ते प्रकरण संपलेलं असतं. पण अटक झाली होती, त्यामुळे पहिलं उत्तर 'हो' आहे. पुढे पडताळणीत अटक निघाली की केससाठी नव्हे, माहिती लपवल्यासाठी नोकरी जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात हेच स्पष्ट केलं आहे: विचारलेली माहिती खरी द्या, मग गुन्ह्याचं स्वरूप आणि निकाल बघून नेमणूक करणाऱ्याने निर्णय घ्यावा. खरं लिहिलं म्हणजे नोकरी मिळेलच असं नाही. खोटं लिहिलं तर मिळालेलीही टिकत नाही.

मी लोकांना फॉर्मसोबत एवढंच पत्र जोडायला सांगतो: 'माझ्याविरुद्ध सन अमुक मध्ये अमुक पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला होता. खटला क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी न्यायालयाने माझी निर्दोष मुक्तता केली. निकालाची सत्यप्रत जोडली आहे.' पुढे काही नाही. 'तेव्हा माझी मनःस्थिती ठीक नव्हती' हे वाक्य लिहायचा मोह होतो. ते लिहिलं की दोन फायली एक झाल्या.

एक अपवाद आहे. गुन्हा घडला तेव्हा आजारामुळे कृत्याचं भान नव्हतं म्हणून न्यायालयाने सोडलं असेल (जुन्या दंड संहितेचं कलम ८४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२) तर निकालातच आजाराचा उल्लेख असतो. ही शिक्षा नव्हे. 'शिक्षा झाली का' या प्रश्नाला उत्तर 'नाही'. मात्र अख्खा निकाल जोडायचा की फक्त अंतिम आदेश, हे वकिलाला विचारूनच ठरवा.

परिविक्षेवर सोडलेल्यांना तर आपल्या हातात काय आहे हेच माहीत नसतं. न्यायालयाने ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं असेल, तर अपराधी परिविक्षा कायदा, १९५८ चं कलम १२ म्हणतं की शिक्षेमुळे कायद्याने येणारी अपात्रता अशा माणसाला लागू होत नाही. आदेशात कलम ३ किंवा ४ लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं असेल तर अर्जात कलम १२ चा उल्लेख करा. केस झालीच नव्हती असा मात्र याचा अर्थ नाही, विचारलं तर सांगावंच लागतं.

निकालाची सत्यप्रत न्यायालयाच्या नक्कल विभागातून घ्या. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरून काढलेली प्रिंट ही सत्यप्रत नाही, तिचा उपयोग फक्त केस शोधायला. प्रत्येक केसला मिळणारा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक जवळ असला की नक्कल लवकर सापडते. आणि कृपा करून सत्यप्रतीला लॅमिनेशन करू नका. जपायचं म्हणून लोक करतात, पण शिक्का आणि सही प्लास्टिकखाली गेली की तपासणारा ती घ्यायला तयार होत नाही.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज पोलिसांच्या पोर्टलवर होतो. इथे सोलापूरकर एका जागी चुकतात. शहर पोलीस आयुक्तालय वेगळं, सोलापूर ग्रामीण वेगळं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट ग्रामीणकडे. आधारवर गावाचा पत्ता आणि राहायला शहरात भाड्याने, असं असेल तर अर्ज इकडून तिकडे फिरतो. आधी पत्ता नीट करा. केस आहे म्हणून अर्जच करायचा नाही, हा गैरसमजही काढून टाका.

निर्दोष सुटूनही पोलीस नोंदीत खटला 'प्रलंबित' दिसू शकतो. पडताळणीला अर्ज करण्याआधीच निकालाची सत्यप्रत जोडून, नोंद अद्ययावत करा असा अर्ज संबंधित ठाण्यात द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. तोंडी 'करतो' चालणार नाही.

नावाचं स्पेलिंग हे आपल्या शहराचं खास दुखणं. पूर्व भागातली तेलुगू आडनावं आधारवर एक, दोषारोपपत्रात दुसरं, केसपेपरवर तिसरं. जोडाक्षर गेलं की माणूसच बदलतो. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र एकदाच करून दोन्ही फायलींत एकेक ठेवा.

नोकरीसाठी महास्वयम् पोर्टलवर नोंदणी करा, दहा मिनिटांचं काम. स्वतःचा धंदा करायचा असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांग विशेष प्रवर्गात येतात. अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात.

मिळालेलं काम टिकवताना

महिन्यात कोर्टाची एक तारीख, पोलीस ठाण्यातली हजेरी आणि ओपीडीचा एक दिवस. नव्या माणसाने तीन खाडे केले की मालक दुसरा बघतो. हजेरीची अट असेल तर ती वेळ किंवा वार बदलून मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करता येतो. सोबत कामाचं पत्र किंवा पगाराची पावती लावा. ठाण्यातल्या हवालदाराशी तोंडी ठरवून हजेरी चुकवू नका, जामीन धोक्यात येतो.

गोळ्यांनी सकाळी जडपणा येत असेल तर मागावर किंवा फिरत्या यंत्रावर उभं राहणं धोक्याचं आहे. हे डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ बदलता येते का ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही. 'रात्रपाळी टाळावी, फिरत्या यंत्राचं काम देऊ नये' एवढीच चिठ्ठी त्यांच्याकडून मागा. आजाराचं नाव त्यात असलंच पाहिजे असं नाही. २०१६ च्या कायद्यात अशा सोयीला जागा आहे. आधीपासून सरकारी नोकरीत असलेल्याला तर कलम २० प्रमाणे नंतर आलेल्या अपंगत्वामुळे कामावरून काढता येत नाही.

आणि पहिला पगार झाल्यावर गोळी सोडू नका. 'आता कामाला लागलाय, आता कशाला गोळ्या' असं घरातलं कोणीतरी प्रेमाने म्हणतं. तिथून पुढे काय होतं ते मी फार वेळा पाहिलंय. मन ढळायला लागलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसा-रात्री कधीही फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. दिव्यांग व्यक्ती आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना केसची फाइल न्या आणि दिव्यांग प्रमाणपत्राची प्रतही न्या. दोन्ही फायली एकाच टेबलावर उघडायच्या, ती जागा ही.