स्वयंपाकातल्या दारूचे पर्याय (कोकण)

पाककृतीत रम, वाइन, फेणी नाहीतर माडी लिहिलीय, आणि घरात ती चालत नाही किंवा ऐनवेळी मिळालीच नाही, तर तिच्या जागी जे घालतात ते हे पर्याय. डहाणू-वसईपासून मालवण, वेंगुर्ला, गोव्यापर्यंत प्रश्न तोच. एकच एक पर्याय सगळीकडे चालत नाही, दारू त्या पदार्थात काय करत होती ते आधी बघायचं, पीठ फुगवत होती, आंबटपणा देत होती, टिकवत होती की नुसता वास.

सगळ्यात जास्त अडतं माडीपाशी, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसापाशी. वसईकडच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चन) लोकांचे फुगे (तळलेले गोल पाव) आणि गोव्यातल्या ख्रिश्चन घरांतल्या सान्ना (इडलीसारख्या), दोन्हीचं पीठ पूर्वापार ताज्या माडीनं (गोव्यात सूर म्हणतात) आंबवायचे, कारण तिच्यात जिवंत यीस्ट असतं. तेव्हा यीस्टच घ्यायचं, कोमट नारळपाण्यात चमचाभर साखर आणि ड्राय यीस्ट घालून ठेवायचं, फेस आला की पिठात ओतायचं. फुगतात मस्त, पण माडीचा तो आंबूस गोडवा येत नाही, पीठ थोडं जास्त वेळ ठेवलं तर जरा जवळपास जातं. नीरा (तोच रस, न आंबलेला) वापरा असं कोणीतरी सांगतंच, पण नीरा आंबू नये म्हणूनच मडक्याला आतून चुना लावतात, थंड ठेवतात, मग तिनं पीठ फुगेल कसं? गोडीपुरती ठीक आहे.

मटणाला नाहीतर ग्रेव्हीला वाइन असेल तर तिथे हवा असतो आंबटपणा आणि थोडा तुरटपणा, त्यात कोकणाला काही कमी नाही. कोकमाचं आगळ पाण्यात पातळ करून घालावं, रंगही येतो, फक्त आगळात आधीच भरपूर मीठ असतं म्हणून वरचं मीठ शेवटी चाखून. सीझनमध्ये जांभळाचा रस, तो तुरट असतो त्यामुळे रेड वाइनच्या जागी मला हाच जास्त पटतो. नारळाचं व्हिनेगरही चालतं, ते माडीचंच करतात, पण वाइनपेक्षा खूप जहाल, तेव्हा थोडंसं घेऊन पाणी आणि चिमूटभर गूळ.

ख्रिसमस केकला सुकामेवा रमऐवजी संत्र्याच्या रसात किंवा लवंग-दालचिनी घातलेल्या कोऱ्या चहात भिजवतात. रममध्ये तो महिनोन्महिने राहतो, रसात नाही, म्हणून रात्रभरच आणि तोही फ्रिजमध्ये, आणि केक लवकर संपवायचा, इथल्या दमट हवेत बुरशीला वेळ लागत नाही.

शिजवल्यावर दारू उडून जाते हे अर्धवट खरं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पण अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे मंद आचेवर १५ मिनिटांनी साधारण ४० टक्के, तासाभरानं २५ आणि अडीच तासांनीही ५ टक्के शिल्लक राहतं. लहान मुलं, गरोदर बाई, औषधं चालू असलेलं माणूस किंवा धर्मानं वर्ज्य मानणारे पाहुणे असतील तर घालूच नये.

फेणीचं मात्र अवघड आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचा तो उग्र वास दुसऱ्या कशानं येत नाही, काजूच्या बोंडाचं (फळाचं) सरबत घातलं तर नुसता गोडपणा वाढतो. सोरपोतेलमध्ये (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट गोवन पदार्थ) काहीजण ती घालतात, तिथे सरळ वगळावी, व्हिनेगर आणि मसाला पुरेसा असतो.